सरळ रेषेत चालणारी सुई

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, सांस्कृतिक कार्यक्रमाच्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर. मंडळाच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिला आहे.)



या व्यासपीठावर दरवर्षी डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतले मोठे अधिकारी बोलतात. यंदा सेक्रेटरींनी मला धरले. मी म्हटले, अहो, मी डिप्लोमा केलेला माणूस, रुळांच्या खात्यात नोकरी करतो, मी काय बोलणार? ते म्हणाले, "तुमच्या घरी रात्री अकरानंतर रेकॉर्ड वाजते. एकच गाणे, तेही शेवटचे दोन मिनिटे, पुन्हा पुन्हा. ते काय चालते ते एकदा सगळ्यांना सांगा." सेक्रेटरी आमच्या वरच्याच मजल्यावर राहतात. तेव्हा आजचे हे भाषण म्हणजे थोडीशी माफीच आहे, असे समजा.

आई गेल्यावर बाबांना मी मिरजेहून इकडे नुंगंबाक्कमला आणले. त्यांनी सामान फारसे आणले नाही. कपडे, देव आणि रेकॉर्डची एक लाकडी पेटी. पेटीत तीसेक एलपी. त्यात त्यांची सर्वांत लाडकी म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांवरून पुढे काढलेली एलपी. मिरजेच्या माणसाला खाँसाहेबांबद्दल काही सांगावे लागत नाही. खाँसाहेबांची कबर मिरजेला दर्ग्याच्या आवारात आहे आणि लहानपणापासून आम्ही तिथल्या उत्सवातले गाणे ऐकत आलो.

या रेकॉर्डच्या एका बाजूला अगदी शेवटी 'जमुना के तीर' ही भैरवीतली ठुमरी आहे. बाबा ती ऐकायला बसायचे आणि शेवटची दोन मिनिटे राहिली की उठून जायचे. एकदा विचारले तेव्हा म्हणाले, "पुढे आवाज फुटतो रे. खाँसाहेबांचा सूर फुटलेला ऐकवत नाही." मी नीट कान देऊन ऐकले. खरेच, शेवटाकडे वरचा सूर लागला की आवाजाला चरे पडल्यासारखे होत होते. मी ठरवले, हे दुरुस्त करायचे. इंजिनिअर मुलगा घरात असून बापाला भैरवी अर्धी सोडावी लागते, हे बरे दिसत नाही.

आधी शेवटाकडेच आवाज का फुटतो ते बघू. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे फिरते. फेरे तेवढेच, पण बाहेरच्या काठाला वर्तुळ मोठे आणि आत लहान. बाहेर, मध्यापासून सुमारे १४६ मि.मी. अंतरावर, सुईखालून सेकंदाला जवळजवळ ५१ सें.मी. खाच सरकते. आत ६० मि.मी.वर फक्त २१ सें.मी. म्हणजे बाहेर जे गाणे ऐसपैस लिहिले जाते तेच आत दाटीवाटीने लिहावे लागते. एखाद्याने पोस्टकार्डावर शेवटी शेवटी अक्षर बारीक करीत न्यावे तसे. आणि आपल्या मैफलीत भैरवी येते शेवटी! मग रेकॉर्डवरही ती बऱ्याचदा शेवटीच घातली जाते. सगळ्यात नाजूक गाणे सगळ्यात अडचणीच्या जागी.

पण दाटी हे एकच कारण नव्हे. दुसरे कारण आर्मच्या कोनाचे आहे, आणि ते मला फार लवकर समजले, कारण माझा रोजचा धंदाच तो आहे.

रेकॉर्ड मुळात ज्या यंत्रावर कापली जाते, तिथे कापणारे हत्यार बाहेरून मध्याकडे सरळ रेषेत सरकते. वाजवताना मात्र आपला नेहमीचा आर्म एका खुंटीवर फिरतो. त्यामुळे सुई सरळ न जाता कमानीत जाते. १८७७ साली एडिसनने केलेल्या पहिल्या फोनोग्राफमध्ये नळकांडे होते आणि आटे पाडलेल्या दांड्यावर ते सरळ पुढे सरकत होते, म्हणजे ही अडचण तिथे नव्हती. बर्लिनरची सपाट तबकडी आली आणि तिच्याबरोबर खुंटीवर फिरणारा आर्म रूढ झाला. तो स्वस्त, साधा आणि टिकाऊ. पुढे १९३८ साली स्वीडनमध्ये लोफग्रेन आणि १९४१ साली बेअरवाल्ड यांनी गणित मांडून दाखवले की आर्म थोडा वाकवून आणि थोडा लांब ठेवून बसवला तर चूक बरीच कमी होते. पण शून्य होते ती दोनच ठिकाणी. बेअरवाल्डच्या मांडणीत ती साधारण ६६ आणि १२१ मि.मी.वर येतात. बाकी सगळीकडे सुई थोडी तिरपी, नऊ इंची आर्मवर जास्तीत जास्त सुमारे दोन अंशांनी.

आमच्या भाषेत सांगायचे तर, वळणावर लांब बिनबोगीचा डबा नेला तर त्याची चाके रुळाला समांतर राहत नाहीत. तिरपी लागतात, कड रुळाला घासते, रूळ झिजतो, चाकही झिजते. म्हणून डब्याखाली फिरणाऱ्या बोग्या आल्या. वळण बरोबर आहे की नाही हे आम्ही २० मीटरची दोरी ताणून, मधोमध रुळापासूनचे अंतर मोजून बघतो. ५०००० ला मीटरमधल्या त्रिज्येने भागले की ते अंतर मि.मी.मध्ये मिळते. हजार मीटरच्या वळणाला ५० मि.मी. वीस वर्षे हेच मोजत आलो. त्यामुळे तिरपी सुई डोळ्यासमोर आल्यावर मला झोप येईना.

यावर सरळ उपाय म्हणजे सरळ रेषेत सरकणारा आर्म. डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफसेनने १९७२ साली बिओग्राम ४००० काढला. त्यात आर्म तिरपा झाला की प्रकाशाच्या साहाय्याने ते ओळखले जाते आणि छोटी मोटर आर्मचे बैठक-गाडे किंचित पुढे सरकवते. जपानच्या टेक्निक्सने १९७९ साली एसएल-१० काढला, तो तर रेकॉर्डच्या वेष्टनाएवढाच होता. दुसरा प्रकार बिनमोटरचा. काही आर्म हवेच्या पातळ थरावर तरंगतात, त्याला पंप लागतो. आणि काही आर्म चक्क चिमुकल्या चाकांच्या ट्रॉलीवर बसून काचेच्या दांड्यांवरून सरकतात, खाचच त्यांना ओढून नेते. चाके, ट्रॉली आणि दोन रूळ! मी दुसरे काही बघितलेच नाही. परदेशातून असा एक आर्म मागवला आणि जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतलेल्या पट्ट्याच्या टर्नटेबलवर बसवला.

पहिल्या रात्री आवाज पहिल्यापेक्षा वाईट आला. बाबा काही बोलले नाहीत. नुसते पाणी प्यायले आणि झोपायला गेले.

तेव्हापासून तीन महिने जे केले ते आता थोडक्यात सांगतो. कुणाला असा आर्म बसवायचा असेल तर उपयोग होईल.

पहिले म्हणजे पातळी. माझी ट्रॉली, आर्म आणि कार्ट्रिज मिळून ६० ग्रॅम. सुईवरचा भार फक्त २ ग्रॅम. दांडा हजारात एक एवढा जरी कलला, म्हणजे एका मीटरला एक मि.मी., तरी ट्रॉली ०.०६ ग्रॅमने एका बाजूला ओढते आणि ती ओढ सगळी त्या केसाएवढ्या सुईच्या दांडीवर येते. हजारात दहाने कलला तर सुई गेलीच बाजूला. रेल्वेत स्टेशनच्या आवारात चढ चारशेला एकपेक्षा जास्त नसावा असा दंडक आहे आणि शक्य तिथे बाराशेला एक ठेवावा म्हणतात, कारण उभा डबा आपोआप चालू लागता कामा नये. माझ्या बोटभर ट्रॉलीला तोच नियम लागू पडला. गवंड्याची पाणसळ इथे चालत नाही. आर्मच्या बुडाखाली बारीक आट्यांचे स्क्रू बसवले आणि ट्रॉली दोन्ही दिशांना सारखी सरकते का, हे बघून पातळी साधली.

दुसरे म्हणजे रेषा. सुई ज्या रेषेत सरकते ती रेषा तबकडीच्या मधल्या खिळ्याच्या बरोबर केंद्रातून गेली पाहिजे. एक मि.मी. बाजूने गेली तर बाहेरच्या काठाला सुमारे ०.४ अंशाची चूक आणि आत ६० मि.मी.वर जवळजवळ एक अंशाची. म्हणजे चूक नेमकी भैरवीवर जाऊन बसते! मग एवढा खर्च करून नीट बसवलेल्या साध्या आर्मपेक्षा फार काही मिळाले नाही. हे तपासायला मी जाड कागदाची तबकडी कापली, मधोमध भोक पाडले, केंद्रातून एक सरळ रेघ ओढली आणि टर्नटेबल बंद ठेवून सुई त्या रेघेवरून काठापासून आतपर्यंत नेऊन पाहिली. सुई रेघ सोडता कामा नये. त्यानंतर कार्ट्रिज गुण्यात आहे का ते बघायचे. खाली छोटा आरसा ठेवला की सुईची दांडी आणि तिचे प्रतिबिंब एका रेषेत दिसतात की नाही, ते लगेच कळते.

तिसरे म्हणजे घर्षण, आणि खरी सुधारणा इथे करावी लागली. एलपीची एक बाजू वीस मिनिटांची धरली तर ट्रॉली मिनिटाला जेमतेम चार मि.मी. सरकते. गोगलगाय परवडली. एवढ्या संथ चालीत चाक नीट न फिरता अडकत अडकत जाते. घर्षण मोजायला आमच्या खात्यातलीच फीलर गेजची पाती वापरली. २०० मि.मी.च्या दांड्याच्या एका टोकाखाली एकेक पाते सारत जायचे आणि ट्रॉली कधी हलते ते पाहायचे. सुरुवातीला दीड मि.मी. लागले, म्हणजे ओढायला ०.४५ ग्रॅम जोर. दोन ग्रॅमच्या सुईला हे फार झाले.

मग बेअरिंग उघडली. आत घट्ट ग्रीस होते. पंख्याला ते ठीक आहे, इथे नाही. पेट्रोलमध्ये दोनदा धुऊन कोरडीच ठेवली. कार्ट्रिजपासून येणारी तार जाड होती, ती स्प्रिंगसारखी ट्रॉलीला मागे ढकलत होती. रिची स्ट्रीटवरून केसासारखी तलम तार आणली आणि तिला वरून सैल झोळ दिला. काचेचे दांडे रोज मऊ कापडाने पुसायचे, कारण इथल्या दमट हवेत एका दिवसात त्यांच्यावर थर बसतो. पुन्हा पाती लावून पाहिले तेव्हा ०.४ मि.मी.ला ट्रॉली चालली. जोर ०.४५ वरून ०.१२ ग्रॅमवर आला. त्या दिवशी ऑफिसमध्ये मी विनाकारण पेढे वाटले. सहकारी विचारीत होते, प्रमोशन झाले का?

अशा आर्मचे तोटेही सांगायला हवेत. आर्म आखूड असल्यामुळे रेकॉर्ड वाकलेली असली की सुई फार वरखाली होते, आणि चेन्नईच्या उन्हाळ्यात रेकॉर्ड वाकायला वेळ लागत नाही. त्या उभ्याच ठेवाव्यात, भिंत तापते तिथे ठेवू नयेत. दुसरे, हलकी ट्रॉली हादऱ्याला घाबरते. आमचे क्वार्टर लाइनीजवळ. ताम्बरम लोकल गेली की टेबल थरथरते. १९३१ साली या मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या तेव्हा त्या मीटरगेजच्या होत्या, २००४ साली मीटरगेज संपले आणि आता सगळे ब्रॉडगेज. हादरे काही कमी झाले नाहीत. टर्नटेबल टेबलावरून काढून भिंतीतल्या ब्रॅकेटवर ठेवले आणि ऐकायची वेळ रात्री उशिराची केली. सेक्रेटरीसाहेब, तुमची झोप मोडायचे कारण हे असे आहे.

आता निकाल. बाबांच्या पेटीत एक एलपी होती, ती क्वचितच वाजलेली. तिच्या शेवटच्या भजनात साध्या आर्मवर जी खरखर होती ती नव्या आर्मवर जवळजवळ गेली. बाबांनी मान डोलावली. मग खाँसाहेबांची रेकॉर्ड लावली. आवाज मोकळा झाला होता, वाद्ये वेगळी कळत होती. आणि शेवटची दोन मिनिटे आली तेव्हा सूर पुन्हा फुटला. थोडा कमी, पण त्याच जागी.

मी पुन्हा सगळे मोजले. पातळी बरोबर, रेषा बरोबर, घर्षण तेवढेच. मग हेच गाणे सीडीवर आणून ऐकले. जुन्या तबकडीची खसखस त्यातही होती, पण सूर कुठेही फुटत नव्हता. म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणात दोष नाही. आर्ममध्ये नाही. मग राहिली ती आमची रेकॉर्ड. दोष खाचेत होता.

आणि तेव्हा मला आठवले. मी सातवी-आठवीत असताना मिरजेच्या घरचा प्लेअर शेवटाकडे अडखळायचा, सुई उडायची. मी त्यावर एक नामी उपाय काढला होता. आर्मच्या डोक्यावर आठ आण्याचे नाणे ठेवायचे. सुई उडायची थांबली. सुईवर आधीच भार होता, त्यात नाण्याचे तीन-चार ग्रॅम, आणि सुई जुनी झिजलेली. दोन वर्षे मी ते नाणे ठेवत होतो. कोवळ्या प्लॅस्टिकवर झिजक्या सुईने किती नांगरट झाली असेल याचा हिशेब आज मी करू शकतो. तेव्हा फक्त आपण किती हुशार, एवढेच वाटत होते.

त्या रात्री मी बाबांना सांगितले. म्हटले, "बाबा, आर्म बरोबर आहे. रेकॉर्ड मी खराब केली. ते नाणे."

बाबा म्हणाले, "मला ठाऊक आहे. तू शाळेत गेलास की मी ते काढून ठेवायचो. संध्याकाळी तू परत ठेवायचास."

"मग रागावला का नाहीत?"

"अरे, सुई अडखळली की तू कंटाळून खेळायला पळायचास. नाणे ठेवलेस की शेवटपर्यंत माझ्याजवळ बसायचास."

यावर मला काही बोलता आले नाही. इथेही बोलता येत नाही, म्हणून पुढे जातो.

झिजलेली खाच कोणत्याच आर्मने भरून येत नाही. रूळ घासून गेला की तो बदलावाच लागतो. पण रुळाला दोन बाजू असतात, एका बाजूने झिजलेला रूळ कधी कधी फिरवून दुसऱ्या बाजूने वापरतात. यावरून एक सुचले. आमची रेकॉर्ड मोनो आहे. मोनो रेकॉर्डच्या खाचेच्या दोन्ही भिंतींवर एकच गाणे लिहिलेले असते. स्टीरिओ कार्ट्रिज मात्र दोन भिंती वेगवेगळ्या वाचते, एक डाव्या स्पीकरला आणि एक उजव्या. मग आधी फक्त डावा ऐकला, मग फक्त उजवा. कोणती भिंत जास्त खराब असेल हे आधी सांगता येत नाही, कानानेच ठरवावे लागते. आमच्या रेकॉर्डची बाहेरची भिंत, म्हणजे उजवी, आतल्या भिंतीपेक्षा स्पष्टपणे बरी निघाली. तेवढीच दोन्ही स्पीकरना जोडली. सूर अजून एका ठिकाणी किंचित चरतो. पण बाबा आता उठून जात नाहीत.

शेवटची एक गोष्ट सांगून थांबतो. खाँसाहेब २७ ऑक्टोबर १९३७ रोजी वारले. मद्रासकडून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत अस्वस्थ वाटू लागले म्हणून सिंगपेरुमाळ कोविल स्टेशनवर उतरले. प्लॅटफॉर्मवर अंथरूण घातले, त्यावर बसून दरबारीच्या सुरात प्रार्थना म्हटली आणि तिथेच प्राण सोडला, असे सांगतात. सिंगपेरुमाळ कोविल म्हणजे आपल्या नुंगंबाक्कमवरूनच जाणाऱ्या चेंगलपट्टूच्या लाइनीवरचे स्टेशन. लोकलने तासाभराहून थोडा जास्त वेळ. मी त्या लाइनीवर किती वेळा ट्रॉलीने गेलो असेन, पण मला हे ठाऊक नव्हते. बाबांना ठाऊक होते. मिरजेहून येताना गाडीत त्यांनी मला विचारले होते, "ते स्टेशन तुझ्या घरापासून किती लांब रे?" मला वाटले होते, ते सहज विचारताहेत.

मागच्या ऑक्टोबरात एका रविवारी आम्ही दोघे तिथे गेलो. बाबा प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर अर्धा तास बसले. दोन लोकल आल्या आणि गेल्या. नंतर त्यांनी चहा मागितला, आणि आम्ही परत आलो.

ज्यांच्या घरी जुन्या रेकॉर्ड असतील त्यांना एवढेच सांगणे. आधी सुई बदला, मग आर्म बघा. आर्मवर नाणे कधीही ठेवू नका. आणि घरात लहान मुलगा असेल तर त्याला रेकॉर्ड लावू द्या, पण शेजारी बसा. कुणाला माझी ट्रॉली बघायची असेल तर घरी यावे. रात्री अकरानंतर, लोकलची वर्दळ कमी झाल्यावर. सेक्रेटरींची परवानगी मी काढतो.

गणपती बाप्पा मोरया!